नारायणरावांची हलकी सहल

"पोरांना हमाल करायचं ठरवलंयत का?" सुईत दोरा ओवता ओवता गोदावरीबाईंनी विचारलं.

"हमाल कसले? पाठीवर पिशवी आणि हात मोकळे. विलायतेत एवढीएवढीशी पोरं अशीच डोंगर हिंडतात," नारायणराव म्हणाले.

साताऱ्याच्या कोर्टात कारकून असलेल्या नारायणरावांना हे ज्ञान वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकातून मिळालं होतं. मुलांची सहल सोपी हवी, अंतर थोडं हवं, विसावे पुष्कळ हवेत आणि ओझं नावापुरतंच. त्याप्रमाणे जुन्या बाजारातून लष्करी खाकी कापड आलं, गोदावरीबाईंनी कुरकुरत का होईना तीन पिशव्या शिवल्या, आणि प्रत्येकीत एक पांघरूण, एक फुलपात्र आणि चिवड्याची पुरचुंडी एवढंच गेलं. रात्री भैरोबाच्या डोंगरावरच्या देवळात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. मुलांची उत्सुकता टिकावी म्हणून कुठं जायचं हे मात्र त्यांनी मुलांना सांगितलं नव्हतं.

साल त्रेचाळीसचं होतं. डोंगरांत भूमिगत मंडळी लपलेली, वाड्यावस्त्यांवरच्या बायका त्यांना गुपचूप भाकरी पोचवायच्या, आणि पोलीस त्या भाकरींच्या मागावर असायचे. नुकतंच कोर्टातल्या दोघा कारकुनांना नुसत्या संशयावरून घरी बसवलं होतं. नारायणरावांना त्याची काळजी नव्हती. ते राजकारणापासून इतके लांब राहत, की वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून वाचत आणि मधेच थांबत.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी थोरली पद्मा, मधला हरी आणि धाकटी चिमी अशी पलटण निघाली. सडकेवर लष्करी लॉऱ्यांची धूळ फार, म्हणून नारायणरावांनी शेतांमधली पायवाट धरली. मुलं पांगू नयेत म्हणून शिट्टीही घेतली होती. एक शिट्टी म्हणजे बसा, दोन शिट्ट्या म्हणजे उठा.

पहिला विसावा एका वाडीच्या विहिरीपाशी झाला. शिट्टी वाजली तशी तिन्ही मुलं झाडामागं मुकाट्यानं बसली. विहिरीवर धुणं धुणाऱ्या रंगुबाईचा हात थांबला.

"कुठं निघाली म्हनायची स्वारी?"

"आम्हाला सांगितलेलं नाही," हरी छाती काढून म्हणाला. "फक्त अण्णांना ठाऊक आहे."

"आन् पिशव्यांत काय हाय रं?"

"काही नाही. जवळजवळ रिकाम्याच आहेत."

रंगुबाईनं नारायणरावांकडं पाहिलं. नारायणराव ओशाळून हसले. "मुलांना डोंगर दाखवायला नेतोय, बाई. सहज आपलं."

"व्हय की! डोंगरच बघायला." रंगुबाईनं आवाज एकदम खाली आणला. "हितंच थांबा. हालू नका."

ती लगबगीनं गेली आणि पदराखाली भाकरींची चळत घेऊन आली. नारायणराव घाबरले. "अहो, आमच्याजवळ चिवडा आहे!"

"चिवड्यावर रान हिंडनं हुतंय व्हय? गप घ्या. मी काय दिलं न्हाई, तुमी काय घेतलं न्हाई."

भाकरी पद्माच्या पिशवीत गेल्या. "किती चांगल्या आहेत ना या," पद्मा म्हणाली. नारायणरावांनी घाईघाईनं पिशवीचं तोंड आवळलं. त्यांच्या ध्यानात सगळा प्रकार हळूहळू येत होता.

पुढच्या वस्तीवर बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. शिट्टी वाजली की कुंपणाआडून एक बाई निघे आणि ठेचा, कांदे, गूळ, भाकरी असं काहीतरी पिशवीत कोंबून दिसेनाशी होई. नारायणरावांनी शिट्टी खिशात टाकली, तर बांधावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "गडी हुशार हाय. शिट्टी बंद केली बघ."

शेवटी नारायणरावांचा धीर सुटला. "अहो, मी सरकारी नोकर आहे! कोर्टात कारकून आहे!"

"लय झकास," म्हातारा खूश झाला. "ह्याच्यापरीस बरं सोंग न्हाई. कुनाला संशय बी यायचा न्हाई."

भाकरी टाकून द्याव्यात तर अन्न टाकवेना. परत फिरावं तर पुन्हा त्याच बायकांच्या दारांवरून जायचं. दुपारपर्यंत हरीच्या पिशवीचा बंद तुटला. मग ती पिशवी नारायणरावांच्या एका खांद्यावर आली, पद्माची दुसऱ्या खांद्यावर, आणि चालून चालून दमलेली चिमी, कांद्यांचं गाठोडं उराशी धरून, मानेवर. हलक्या सहलीचा पुढारी असा वाकून डोंगराच्या पायथ्याशी आला, तेव्हा बाभळीखाली पोलीस जमादार हंबीरराव बसले होते.

"थांबा. पिशव्या सोडा खाली."

पिशव्या उघडल्या. जमादारांनी सगळं नीट पाहिलं, एक भाकरी हातात घेऊन तिचा वास घेतला आणि विचारलं, "एवढं कोन खानार?"

नारायणरावांना आपली खुर्ची कोर्टातून बाहेर निघताना स्पष्ट दिसली. "आम्हीच," ते कसेबसे म्हणाले. "आमच्या मुलांना भूक फार लागते."

"आसं? मग खाऊ द्या. मी बसतो हितं."

चौघं जेवायला बसले. मुलांना आधी गंमत वाटली. ठेच्यानं हरीच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी तो हसत होता. मग गंमत संपली.

"अण्णा, पोटात जागा नाही हो आता."

"खा, बाळा," नारायणराव पुटपुटले. "नोकरीचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या. घास घे."

घरी दोन पोळ्यांवर उठणारे नारायणराव नेटानं चौथ्या भाकरीला भिडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते ठेच्याचं होतं असं म्हणता आलं असतं. चिमी तोंडात तुकडा धरून झोपली.

"झालं?" जमादार उठले. त्यांनी स्वतः उरलेल्या भाकरी पिशव्यांत भरल्या, तुटलेल्या बंदाला गाठ मारली. "आता उजेड हाय तवर वर चला."

"म्हणजे... अटक नाही?"

"अटक कशापायी? आवं, तुमी मानसं भाकरी पोचवायच्या नादात बरूबरच्या पोरांच्या तोंडाकडं बघत न्हाई. मागच्या खेपंला एका बाईचं पोर हितंच भुकंनं रडत हुतं. म्हनून म्हनलं, आधी ह्यास्नी खाऊ घालावं."

"जमादारसाहेब, मी खरोखरच मुलांना सहलीला—"

"व्हय, व्हय. सगळीच कायबाय सांगत्यात. पर तुमच्यावानी झकास कुनी सांगितलं न्हाई." मग इकडंतिकडं बघून त्यांनी कोटाखालून नव्या वहाणांचा जोड काढला. "ह्या बी देवळामागं ठेवा. माझा भाचा हाय वर. अनवानी हिंडतंय गाढव. मामानं दिल्या म्हनून सांगू नका, फेकून दील."

डोंगर चढून गेल्यावर मुलं देवळाच्या ओट्यावर आडवी झाली. आसपास कुणी नव्हतं. नारायणराव बराच वेळ वहाणा हातात धरून बसले. इथून गुपचूप उठून गेलं असतं, तर त्यांनी काहीच केलं नाही असं शपथेवर सांगता आलं असतं.

"कुणाच्या आहेत हो, अण्णा?" पद्मानं विचारलं.

"कुणाच्या तरी मामानं घेतल्यात."

ते उठले. देवळामागं त्यांनी वहाणा एकमेकींना नीट जुळवून ठेवल्या, कुत्री लागू नयेत म्हणून भाकरींवर दगड रचले, चार पावलं परत आले, आणि मग पुन्हा जाऊन चिवड्याच्या तिन्ही पुरचुंड्याही तिथं ठेवून आले. सकाळी तिथं नुसते दगड होते.

सोमवारी कोर्टात सगळ्या कारकुनांवर देखरेख करणाऱ्या शिरस्तेदारांनी त्यांना न्याहाळलं. शिरस्तेदार सरकारचे इतके भक्त, की साहेबाच्या रिकाम्या खुर्चीलाही मान लववून जात.

"उन्हानं पार रापलात की हो. होतात कुठं?"

"मुलांना घेऊन डोंगरावर गेलो होतो. सहलीला," नारायणराव म्हणाले आणि त्यांची जीभ चाचरली. शनिवारी हेच वाक्य अक्षरन् अक्षर खरं होतं, तेव्हा वाटेवरच्या एकाही माणसानं ते मानलं नव्हतं. आज ते तितकंसं खरं राहिलं नव्हतं.

"उत्तम!" शिरस्तेदारांचा चेहरा उजळला. "कारकुनानं असेच निरुपद्रवी छंद ठेवावेत. पुन्हा न्या हो मुलांना."

"नेणार आहे," नारायणराव म्हणाले. "येत्या रविवारीच."