एका बादलीचे सतरा फोटो

सतराव्या फोटोवर भिंग धरलं आणि धाकटीची खात्री पटली. बादली एकच होती.

"आत्या, जरा इकडे ये. ही बघ. आता ही बघ. आणि ही."

"निळी आहे," आत्या म्हणाली. "बादल्या निळ्याच असतात."

"निळी असू दे गं. हा लाल ओरखडा बघ. काठापासून चार बोटं खाली. सतराही फोटोंत तिथंच. आणि फोटो म्हणे तीन वेगवेगळ्या देशांतले. बादली काय विमानाने फिरते?"

आत्याने भिंग हातात घेतलं, ओरखडा पाहिला आणि मग त्याच भिंगातून भाचीकडे पाहिलं. "डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या," ती म्हणाली.

बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती. पोटापाण्यासाठी ती छापखान्याची प्रुफं तपासायची, आणि हा धंदा वीस वर्षं केला की माणसाला जगात फक्त चुका दिसू लागतात. पण संशय तिने धंद्यातून घेतला नव्हता. तो वडिलोपार्जित होता. तिचे वडील चौतीस वर्षं पाणीखात्यात गळती तपासनीस होते. पहाटे रस्त्याला कान लावून पाणी नेमकं कुठे मुरतंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर रस्ते सुटले, सवय सुटली नाही. दुकानातून आणलेली साखर ते घरी पुन्हा तोलायचे. रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून आपल्या बादलीसमोर ध्यान लावल्यासारखे बसायचे आणि बाहेर येऊन "आज दाब कमी आहे" असं जाहीर करायचे. त्या बादलीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात दोन मतं होती. चार महिन्यांपूर्वी ते गेले, आणि आता आत्या त्या बादलीत कपड्यांचे चिमटे ठेवायची.

टेबलाच्या खणात त्यांनी एक पाकीट ठेवलं होतं. आत सतरा फोटो आणि गरीब देशांत नळ, संडास आणि हात धुण्याची सोय करून देणाऱ्या एका संस्थेचं पत्रक. पत्रकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती: 'माझी शिल्लक यांना द्या. आधी खात्री करा.'

दादाने पहिलं वाक्य वाचलं. धाकटीने दुसरं.

"फॉर्म भरून ठेवलाय मी," दादा फोनवर म्हणाला. "तुझी सही तेवढी राहिलीय."

"फोटो बघितलेस का तू? नळ, शेजारी बाई, खाली बादली. एकाच अंगणात काढलेत सगळे. मागे आकडे घातलेत, त्यांनाही क्रम नाही. एक्केचाळीस, मग अडतीस, मग पंचावन्न. अडतीस तर दोनदा आलाय!"

"अगं, बाबांनी लिहिलंय ना, द्या म्हणून?"

"खात्री करा असंही लिहिलंय."

"मग कर ना! जा तीन देश फिरून!"

"ऑफिस इथंच आहे," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

दादाला ती हट्टी वाटली, आणि ती होतीही. पण तिच्या पोटात वेगळंच होतं. ज्या माणसाला जन्मात कुणी एका केळ्यापुरतंही फसवू शकलं नाही, तो शेवटी फसला, आणि तेही तिच्या सहीने, असं तिला होऊ द्यायचं नव्हतं.

बेत साधा होता. आत्याने दान करू इच्छिणारी पैसेवाली बाई व्हायचं आणि धाकटीने तिची सोबतीण. "आपण कोण, कुणाच्या, काही बोलायचं नाही," धाकटीने बजावलं. "कळलं की सावध होतील. तिथे जो कुणी असेल त्याला मी बोलण्यात गुंतवते. तू त्यांच्या संडासात जा. जगाला हात धुवायला शिकवतात, स्वतःकडे साबण तरी आहे का बघ. आणि नळ पूर्ण सोडून पाहा."

"मी सात घाटांचं पाणी प्यायलेय," आत्या म्हणाली. "तू मला नळ शिकवू नकोस." आणि तिने त्या कामगिरीसाठी ठेवणीतली पर्स काढली.

संस्थेचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, चार खुर्च्या आणि एक सचिव. सचिवाच्या स्वेटरला कोपरावर रफू होतं. इतका साधेपणा कुणी फुकट करत नाही, असं धाकटीच्या मनात आलं. खुर्च्या चांगल्या असत्या तर दानाचे पैसे खुर्च्यांत गेले असं ती म्हणाली असती. त्या डुगडुगत होत्या, म्हणजे नाटक पक्कं होतं. भिंतीवर तेच फोटो चौकटीत लावले होते, त्याच बादलीसकट.

"बाईंना जरा..." धाकटीने आवाज खाली आणला.

"हो हो, आतून डावीकडे. कडी थोडी जपून लावा, काकू."

आत्या पर्स सावरत आत गेली. धाकटीने पेन काढलं.

"नळ बसवल्यावर पुढे काय? सहा महिन्यांनी बंद पडला तर तुम्हाला कळतं?"

"कळतं. वर्षाने पुन्हा जाऊन बघतात."

"कोण बघतं?"

"गावातलीच माणसं. आम्ही शिकवतो त्यांना."

म्हणजे कुंपणच शेताची राखण करतं, असं तिने मनात टिपून ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ही बादली? सगळीकडे हीच कशी?"

सचिव पहिल्यांदाच मोकळं हसला. "बादलीबद्दल विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिले जे होते ना..."

"अगंऽऽ ए!" आतून आत्याची हाक आली. "नळ बंद होत नाहीये!"

दोघं धावली. दाराखालून पाण्याची एक जीभ बाहेर येत होती.

"काकू, उलटा फिरवा!"

"उलटा फिरवला, सुलटा फिरवला! नुसता गरगर फिरतोय!"

"मग तू बाहेर ये ना, आत्या!"

"कशी येऊ? कडी हातात आलीय माझ्या!"

"पाणी मोरीतून जात का नाही?" सचिवाने विचारलं. "कालच साफ केलीय."

"साबण आहे," आत्या म्हणाली. "म्हणजे होता. मी बघत होते, तो हातातून सटकला आणि मोरीच्या भोकात जाऊन बसला. चांगला घट्ट बसलाय."

आता पाणी उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आलं. खालून शिंप्याने छताला काठी ठोकली.

"मुख्य कॉक कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

"असेल ना कुठेतरी. घरमालकाला माहीत..."

"तीन देशांत नळ बसवता आणि स्वतःचा कॉक माहीत नाही?"

धाकटी संडासाच्या भिंतीशी गेली, डोळे मिटले आणि भिंतीला कान लावला. हे आपल्याला येतं, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. लहानपणी बाबा तिला पहाटे सोबत न्यायचे आणि थंडगार रस्त्यावर तिचा कान टेकवून म्हणायचे, ऐक, बोलतंय. आता भिंत बोलत होती. ती कान सरकवत सरकवत गेली, कोपऱ्यावर वळली, खाली वाकली आणि लोखंडी कपाटापाशी थांबली.

"याच्या मागे."

"कपाट भरलेलं आहे हो!"

"ढकला!"

दोघांनी ढकललं. कपाट हातभर सरकलं, कलंडलं, विचार बदलून पुन्हा उभं राहिलं. तेवढ्यात त्याचं दार उघडून खालच्या दोन खणांतल्या फायली थपाथप पाण्यात पडल्या. धाकटीने मागे हात घालून कॉक आवळला. नळाचा आवाज थांबला. मग आतून आत्याचा शांत आवाज आला, "दाब मात्र चांगला आहे हं तुमच्याकडे."

सचिवाने चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उचलून बाजूला ठेवलं. आत्या पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात ठेवणीतली पर्स घेऊन, सन्मानाने बाहेर आली.

मग कागद वाळवायचं काम निघालं. आपल्यामुळेच झालंय म्हटल्यावर धाकटीला नाही म्हणता येईना. फायलीतले कागद सोडवून ती खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीच्या गजांवर पसरू लागली. तिसऱ्या कागदाशी तिचा हात थांबला.

अक्षर ताठ होतं. तारखेखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. तारखेखाली दोन रेघा मारणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

'पत्र क्रमांक एक. आपल्या पत्रकातील नळ चालू दिसतो. फोटोपुरता एक मिनिट चालवलेला नळही चालूच दिसतो. तरी प्रत्येक नळाखाली एकाच मापाची बादली ठेवावी. पंधरा लिटरवर लाल रेघ मारावी. रेघेपर्यंत पाणी यायला किती सेकंद लागले, ते फोटोच्या मागे लिहावे. वर्षाने त्याच नळाखाली पुन्हा मोजावे. मग मी बघेन.'

तिने पुढचे कागद भराभर पाहिले. पत्र क्रमांक चार: 'आपली माणसे रेघ खडूने मारतात. खडू पुसतो. नेलपॉलिश वापरावे. माझ्या बादलीवर मुलीचे वापरले आहे, सहा वर्षे टिकले.'

ती बाटली हरवली म्हणून तिने दादाशी पंधरा दिवस अबोला धरला होता.

"दोनदा अडतीस आलाय," ती हळूच म्हणाली.

"हो, तो एकच नळ आहे," सचिव म्हणाला. "वर्षाच्या अंतराने. एका सेकंदाचाही फरक नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला पहिल्यांदा 'ठीक' असं लिहिलं. आम्ही सगळ्यांनी ते वाचून..." तो थांबला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"ही धाकटी," आत्या कडी टेबलावर ठेवत म्हणाली. "मी त्यांची थोरली बहीण. पैसेवाली बाई मी नव्हे."

सचिवाने फायलीतलं अगदी तळचं पत्र काढलं आणि ठिबकत होतं तसंच पुढे केलं.

'पत्र क्रमांक अकरा. बहुधा हे शेवटचे. माझ्यामागून माझी धाकटी मुलगी येईल. आपण कोण ते ती सांगणार नाही. तिला काही समजावून सांगू नका, विश्वास बसणार नाही. ही फाइल तिच्या नजरेस पडेल अशी ठेवा. ती माझ्यापेक्षा चांगली तपासते.'

"चार महिने ही फाइल टेबलावरच होती," सचिव ओशाळून म्हणाला. "गेल्याच आठवड्यात कपाटात ठेवली. म्हटलं, आता कोण येतंय."

धाकटीने पत्र दोनदा वाचलं. मग उजेडाकडे धरलं. मग भिंग काढलं आणि तारखेखालच्या दोन रेघा पाहिल्या.

"पुरे गं आता," आत्या म्हणाली, पण हळू आवाजात.

"एक कोरडा कागद मिळेल?" धाकटीने विचारलं. तिने खिडकीशी बसून लिहिलं आणि कागद सचिवाच्या हातात दिला. 'पत्र क्रमांक बारा. आपल्या कार्यालयातील नळाचा आटा झिजला आहे. कडी निखळली आहे. मुख्य कॉक कपाटाच्या मागे आहे, हे सर्वांना माहीत असावे. साबण होता. बाकी ठीक.' तारखेखाली दोन रेघा होत्या.

घरी आल्यावर तिने दादाच्या फॉर्मवर सही केली आणि थेट न्हाणीघरात गेली. बादलीतले चिमटे तिने फरशीवर ओतले. आतल्या बाजूला, काठापासून चार बोटं खाली, फिकट लाल रेघ होती. तिने बादली नळाखाली ठेवली, नळ सोडला आणि समोर बसली.

"अगं, माझे चिमटे!" आत्या दारातून म्हणाली. "कुठे ठेवू आता हे?"

"थांब गं," धाकटी घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "मोजतेय."