न कापलेल्या पडद्यांचं प्रकरण

मुलांनो, डोळे मिटा आणि एक कार्यशाळा समोर आणा. (मिटल्या डोळ्यांनी वाचता येत नाही, हे मलाही कळतं. अर्धे मिटा.) जमिनीवर गुडघाभर निळं कापड, मधोमध गप्प उभं कापणी यंत्र आणि त्याच्यासमोर माझा धाकटा भाऊ, गळ्यात मफलर, हातात भिंग.

"दादा, लिहून घे," तो म्हणाला. "गुप्तहेर. नजर तीक्ष्ण, तर्क पोलादी, आणि नम्रतेत तर जगात त्याचा हात धरणारा नाही."

मी त्याच्या डायरीत लिहिलं. शुद्धलेखनात चूक नव्हती, म्हणून हरकत घेतली नाही.

कार्यशाळा आमच्या मधल्या बहिणीची. ती रडकुंडीला आली होती. "चार वाजता मुलांच्या दवाखान्यात चाळीस पडदे पोचवायचेत. नाही पोचले तर पुढचं सगळं काम दुसऱ्याकडे जाईल. आणि या यंत्रानं अख्खा तागा न कापताच बाहेर ओतलाय!"

"घातपात, ताई! पातं बोथट केलंय." भावानं पात्याखाली मफलर धरून बटण दाबलं. खचक्! अर्धा मफलर खाली पडला. पातं निर्दोष सुटलं.

"मग शेजारचा शिंपी. त्याच्या डोळ्यांत लोभ आहे."

"मोतीबिंदू आहे," ताई म्हणाली.

तिसरा संशय मांजरावर. त्यानं जबाब द्यायला नकार दिला. तिन्ही नावं मी डायरीत उतरवली.

ताईची नऊ वर्षांची लेक चिमी यंत्राला जोडलेल्या संगणकापाशी बसली होती. "मामा, यंत्रालाच विचारू या का?"

या यंत्राला नियमांच्या भाषेत शिकवलं होतं. म्हणजे काम कसं करायचं ते सांगायचं नाही. काय खरं असायला हवं ते सांगायचं. मग 'हो' की 'नाही' ते यंत्रच ठरवतं. दर खेपेला ते ०.१ मीटर कापड पुढे ढकली, आणि नियम होता: लांबी बरोबर १ झाली, की काप.

चिमीनं विचारलं: ०.१ दहा वेळा मिळवले, तर १ होतात का?

उत्तर आलं: नाही.

"खोटारडं!" भाऊ ओरडला.

"मग किती होतात?" चिमीनं विचारलं. उत्तर आलं शून्य पूर्णांक, आणि पुढे नुसते नऊ. तिनं मोजले. सोळा.

मुलांनो, आपण एकतृतीयांश ०.३३३ असा लिहून त्याची तिप्पट केली, तर ०.९९९ येतात ना? तसंच. यंत्र शून्य आणि एक एवढ्यावरच मोजतं. त्यात एकदशांश पुरता मावत नाही, शेपूट तोडावी लागते. म्हणून बरोबर १ कधी आलाच नाही, आणि यंत्र 'नाही, नाही' म्हणत कापड ढकलत राहिलं.

"पण परवा तर नीट कापत होतं," चिमी म्हणाली.

"परवा ते एक छेद दहा असे अपूर्णांक मिळवायचं," ताई म्हणाली. "अचूक, पण गोगलगायीसारखं. काल त्यात हात कोणी घातला?"

भाऊ उरलेल्या मफलरशी खेळू लागला. "मी... जरा... दशांश घातले. वेग तिप्पट झाला, ताई!"

"झाला ना. पाच मिनिटांत अख्खा तागा जमिनीवर!"

"मग मीटर कशाला मोजायचे?" चिमी म्हणाली. "खेपा मोजू. एक, दोन, तीन... दहा झाल्या की काप. पूर्ण आकडे चुकत नाहीत आणि रेंगाळतही नाहीत."

तिनं नियम बदलला. आम्ही कापड गुंडाळून पुन्हा यंत्रात घातलं. खचक्. खचक्. पावणेचारला चाळीस पडदे टेम्पोत चढले.

भावानं घसा खाकरला. "दादा, लिही. गुप्तहेरानं अखेर गुन्हेगार..."

चिमीनं माझ्या हातातून डायरी घेतली. पातं, शिंपी, मांजर अशी तिन्ही नावं खोडली, चौथी ओळ कोरी ठेवली आणि पेन्सिल मामाच्या हातात दिली.