दस्तीखालचा भाव

पाईकराव सर आपल्या चित्राची किंमत तोंडाने कधी सांगत नसत. माझ्या कॅफेत येत, खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढून माझ्या हातावर पसरत आणि तिच्याखाली माझी बोटं दाबत. जितकी बोटं दाबली तितका भाव. कॅफेत आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नसलं तरी हा सोहळा चुकत नसे.

"सर, तोंडानं बोला की. कोण ऐकतंय इथं?"

"चित्र ऐकून राहिलं ना," सर स्क्रीनकडे बोट दाखवत. "त्याच्या तोंडावर त्याचा भाव करावा का? आपल्या लेकराचा करतो का आपण?"

ही रीत मोंढ्यातली, म्हणजे शेतमालाच्या बाजारातली. सरांचे वडील वसमतच्या मोंढ्यात हमाल होते. तिथले जुने व्यापारी हळदीचा सौदा रुमालाखाली बोटं धरून करत, म्हणजे शेजारच्याला भाव कळू नये. सरांनी ते लहानपणी पाहिलं आणि जन्मभर हिंगोलीच्या शाळेत चित्रकला शिकवूनही ते विसरले नाहीत. मी त्यांचाच विद्यार्थी. माझा हत्ती पाहून त्यांनी "सुभ्या, म्हैस झकास आली" असं मनापासून कौतुक केलं होतं. तेव्हाच मी चित्रकलेचा नाद सोडला आणि पुढे एसटी डेपोसमोर इंटरनेट कॅफे टाकला.

हिंगोली तेव्हा नवा नवा जिल्हा होता. पोरं माझ्याकडे निकाल बघायला येत आणि सर चित्रं विकायला. इंटरनेटवर चित्रं विकली जातात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी एका संकेतस्थळावर त्यांच्या नावाचं पान उघडून दिलं. तिथे 'कलाकाराविषयी' अशी एक चौकट होती.

"काय लिहू, सर?"

"लिही, हयात आहे."

"हयातीचा दाखला पेन्शनला लागतो, सर. इथं कशाला?"

"चित्रकार मेला की भाव चढतो म्हणतात. मग गिऱ्हाईक थांबून राहील. आधीच सांगून टाक, तब्येत बराबर आहे."

मी तसं लिहिलं. आजवर कुठल्याही चित्रकाराने स्वतःची इतकी खरी माहिती दिली नसेल.

बोटांनी आकडा कळे, पण शंभर की हजार हे कसं कळणार? त्यावर सरांचा तोडगा होता. खोकले तर हजार, गप्प राहिले तर शंभर. एका हिवाळ्यात त्यांना खरोखरचा खोकला झाला आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या चित्रांचे भाव मी हजारांत टाकले. चूक लक्षात आल्यावर मी दुरुस्त करायला निघालो, तर सरांनी माझा माऊस धरला.

"राहू दे. चढलेला भाव उतरवला की बाजारात इज्जत जाते."

चित्रं खपत नव्हती ती नव्हतीच. सरांवर त्याचा काडीचा परिणाम नव्हता. थोडी सूट देऊ या म्हटलं तर म्हणत, "लोकाला सस्तं वाटून राहिलं, म्हणून घेत न्हाईत," आणि दस्ती पसरून भाव आणखी वाढवत. चहाच्या टपरीवर मात्र रोज कोणीतरी विचारायचंच, "सर, गेलं का एखादं?" सर ऐटीत सांगत, "जाईल." पण चहा अर्धाच ठेवून उठत, हे मी पाहिलं होतं. एक तरी चित्र जावं आणि या टपरीचं तोंड बंद व्हावं, एवढं त्यांना हवं होतं. खरं म्हणजे मलाही हवं होतं.

फोटो काढायला मी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी जायचो. काकू गेल्यापासून सर एकटेच राहत. अंगणातल्या भिंतीवर ते चित्र टांगत आणि शेजारी एक खुर्ची आणून ठेवत. लोखंडी, घडीची, रंग उडालेली, नायलॉनच्या पट्ट्या सैल पडलेली. प्रत्येक फोटोत ही खुर्ची.

"सर, हिला काहून ठेवता? सगळी शोभा जाते."

"चित्र केवढं आहे हे कळाया नको का? खुर्ची जगात कुठंबी खुर्चीएवढीच असते."

"मग माझी प्लास्टिकची आणतो. नवीन आहे."

"हीच," सर म्हणाले, आणि विषय संपला.

एक दिवस पुण्याहून एका बाईंचा मेल आला. वाळत घातलेल्या हळदीचं चित्र त्यांना हवं होतं. भाव कबूल, घासाघीस नाही. मी निरोप धाडला तसे सर चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर अशा अवस्थेत आले. आधी टपरीवर गेले. कॅफेतल्या सगळ्यांना चहा सांगितला. निकाल बघायला आलेल्या एका नापास पोरालाही पाजला.

"अट एकच आहे," मी हसत हसत सांगितलं. "बाईंना चित्र आणि खुर्ची जोडीनेच हवी आहे. नव्या घरात तशीच शेजारी ठेवणार म्हणे. खुर्चीचा भाव विचारलाय. खोका, सर! जोरात खोका!"

सर हसले नाहीत. त्यांच्या खिशातली दस्ती मीच काढली आणि हातावर पसरली. सरांनी हात आत घातला. मी बोटं दाबायची वाट पाहू लागलो. एकही बोट दाबलं गेलं नाही. खोकला नाही, काही नाही. त्यांचा हात माझ्या हातात नुसता पडून होता.

"तुझी काकू बसायची तिच्यावर," सर म्हणाले. "मी चित्र काढून राहिलो की शेजारी खुर्ची टाकून लसूण सोलायची. बोलायची काही न्हाई. मधीच उठायची आन म्हणायची, 'झालं तुमचं. आता हात लावू नका.' तिथं मी ब्रश खाली ठेवायचो."

मी स्क्रीनवरच्या फोटोतली ती खुर्ची पुन्हा पाहिली.

"आता कोणी उठतच न्हाई, सुभ्या. चित्र संपलं कवा, हेच कळंना झालंय."

ज्या खुर्चीला मी अंगणातून हाकलायला निघालो होतो, तिच्याकडे सर रोज बघून चित्र काढत होते. तरी हिशेबी मन बोललंच, "सर, हा सौदा मोडेल. पहिलाच आहे."

"मोडू दे," सर म्हणाले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा ठणठणीत झाला होता. "चित्र पाहिजे तर न्यावं म्हणावं. खुर्चीचं लिही तिला."

मी लिहिलं, खुर्ची विकायची नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं आणि मान हलवली.

"असं नको. बाईला वाटंल, म्हातारा भाव वाढवून राहिला. लिही, खुर्ची रिकामी न्हाई."

मी ते एका हाताने टाइप केलं. दुसरा हात दस्तीखाली होता आणि सरांनी तो अजून सोडला नव्हता.