घरात कोण कोण हाय?

आमच्या माडीखालच्या दुकानात पाव किलो चटणी मागायला गेलात, तर चटणीआधी तुमची चौकशी होते. "घरात कोण कोण हाय?" तराजूला हात लावण्याआधी मल्लाप्पा, म्हणजे आमचे आप्पा, हे विचारणार म्हणजे विचारणारच. उत्तर दिलं नाही तर चटणी नाही, मग तुम्ही कुणी का असेना.

चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी. पुण्या-मुंबईकडचे लोक तिला मसाला म्हणतात, म्हणू देत बापडे. पुढे दुकान, मागे मिरच्या कुटायचं यंत्र, इकडे त्याला डंख म्हणतात, आणि या सगळ्याच्या डोक्यावर आम्ही, म्हणजे मी, आमचे साहेब आणि दोन मुलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी शिंकते आहे. सुरुवातीला भांडूनही बघितलं. आप्पा खालून वर बघत म्हणायचे, "अक्का, शिंक आली न्हवं? मग मिरची अस्सल हाय!" आता अशा माणसाशी काय भांडायचं, सांगा.

मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत, पक्के शाकाहारी. मटणाचा रस्सा जन्मात चाखलेला नाही, आणि निम्मी पेठ रविवारी त्यांच्याच चटणीवर तांबडा रस्सा ओरपते. "न चाखता कसं हो जमतं?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खाणाऱ्याची म्हायती पायजे. रश्श्याची म्हायती घेऊन काय करू?"

आणि ही माहिती ते कशी काढायचे! एका बाईंनी अर्धा किलो मागितली. घरात कोण कोण, तर नवरा, दोन मुलं, सासूबाई. सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. "कशाचं?" आप्पांनी भर दुकानात विचारलं. बाई लाजल्या, पदर तोंडाला लावून कसंबसं मूळव्याधीचं म्हणाल्या. "मग पाव किलोच न्या, आणि म्हातारीची आमटी येगळी काढा," असं म्हणून आप्पांनी अर्धी चटणी परत डब्यात ओतली. एक नवी नवरी आली होती. नवरा तिखट कितपत खातो, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. "आदी त्येला इचारून ये, मग चटणी," म्हणून तिला परत पाठवली. लहान मुलाला घेऊन पन्हाळा बघून परत निघालेले मुंबईचे एक पाहुणे मात्र भडकले. "तुम्हाला काय करायचंय आमच्या घराशी?" म्हणाले आणि तरातरा गाडीत जाऊन बसले. आप्पा दिवसभर हळहळले. गिऱ्हाईक गेलं याचं काही नाही. "आता दुसऱ्या दुकानातनं कसलीतरी घेतील, आणि बारक्या पोराची जीभ भाजंल की वो," हे त्यांचं दुःख.

पण दिवस बदलले. मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटं आली. जुन्या गिऱ्हाइकांची पोरं नोकऱ्यांसाठी बाहेर गेली. मसाला भाजायचं सगळं बघणारी आप्पांची बायको, गौराक्का, देवाघरी गेली. मुलगा बसवराज बंगळूरला नोकरीत. त्यानं सांगितलं, "इंटरनेटवरनं विकून बघा. दिवाळीपर्यंत चाललं तर चाललं, नाहीतर कुलूप लावून माझ्याकडे या." बोलणं मायेचंच होतं. पण आप्पा एकदा बंगळूरला राहून आले होते. "आठवडाभर ऱ्हायलो अक्का, समोरच्या घरात कोण कोण हाय त्येबी कळंना," म्हणाले होते. दुकान सोडायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मला ते बघवायचं नाही. शिंका गेल्या चुलीत! आप्पा इथनं जाता कामा नयेत, असं मी ठरवून टाकलं.

बसवराजनं राजारामपुरीतला एक वेबसाइटवाला गाठून दिला. देसाई त्याचं नाव. पहिल्या दिवशी चटणीचा फोटो काढताना तो तिच्यातच शिंकला. ती परात आप्पांनी मुकाट्यानं बाजूला ठेवली आणि दुसरी भरली. मग देसाईनं लॅपटॉप उघडून दाखवला. गिऱ्हाइकानं तीनपैकी एक निवडायचं. सौम्य, मध्यम, तिखट.

"सौम्य म्हंजे कुणाचं सौम्य?" आप्पांनी विचारलं. "आमच्या गडहिंग्लजचं सौम्य पुण्याच्या माणसानं खाल्लं तर दवाखान्यात न्यावा लागंल त्येला! हे काडा. तितं लिवा, घरात कोण कोण हाय?"

"आप्पा, लोक असल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. सोडून जातात."

"मी बसलोय न्हवं दुकानात, मला ठावं हाय. लिवा."

देसाईनं नाइलाजानं चौकट टाकली. नाव, पत्ता-फोन नंबर, किती पाहिजे, आणि घरात कोण कोण आहे. चौकटीशेजारी लाल चांदणी काढली की ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे त्याच्या तोंडून चुकून निघून गेलं. आप्पांचे डोळे चमकले. "हाणा चांदणी!"

चांदणी हाणली गेली आणि व्हायचं तेच झालं. लोक यायचे, बघायचे, त्या चौकटीपाशी अडायचे आणि निघून जायचे. श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, एक ऑर्डर येईल तर शपथ. मी जाम वैतागले. "आप्पा, दुकान बंद पडायला आलंय आणि तुम्हाला लोकांच्या घरात डोकावायचंय! काढा ती चांदणी."

"अक्का, कोण खाणार त्येच न्हाय कळलं तर कुटायचं कुणासाटनं?"

शेवटी मी म्हटलं, एकदा तुम्हीच गिऱ्हाईक व्हा. आमच्या कॉम्प्युटरवर बसा, पाव किलोची ऑर्डर द्या, म्हणजे कळेल लोक का पळतात. आप्पांनाही ती कल्पना आवडली. संध्याकाळी दुकानाची फळी लावून, हातपाय धुऊन, टोपी नीट करून ते वर आले. चहा नको म्हणाले, कामात लक्ष लागत नाही म्हणे. एका बोटानं एकेक अक्षर शोधत नाव घातलं, पत्ता घातला, पाव किलो घातलं. खूश होते. मग चौथ्या चौकटीपाशी आले.

बोट थांबलं. मला वाटलं, अक्षर सापडत नाही. पण ते अक्षरांकडे बघतच नव्हते, पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी ती चौकट तशीच ठेवली आणि पुढचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली, कृपया ही माहिती भरा. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल अक्षरं.

"अक्का, म्होरं जाईना की ह्ये."

"तुम्हीच नाही का चांदणी हाणायला लावलीत?" मी बोलून गेले, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं सगळ्या गावाला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. "राहू दे आप्पा, मी देसाईला फोन करते."

"थांबा वो," म्हणाले. चष्मा सारखा केला आणि ते एक बोट पुन्हा चालू झालं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, सावकाश उमटत गेलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. माडीवर अक्का, तिखट लागतं, तोंडबी तिखट. साहेब, पित्त हाय, जपून. थोरली, परीक्षा हाय, लसूण कमी. धाकटा, घासाला पाणी पितो, त्येला तूप द्या.

बटण दाबलं. ऑर्डर पुढे गेली.

"एकटा आहे असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, आप्पा," मी म्हटलं.

"खोटं कशाला लिवू?" ते म्हणाले. मग उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. "चांदणी तेवडी काडाय सांगा देसाईला. प्रश्न ऱ्हाऊ दे. पर म्होरं जाता आलं पायजे की माणसाला. समद्यांच्या माडीवर अक्का नसती."

चांदणी निघाली. ऑर्डरी येऊ लागल्या, थोड्या थोड्या, पण येऊ लागल्या. गंमत म्हणजे सक्ती गेल्यावर लोक भरभरून लिहायला लागले. कुणाच्या आजोबांना दात नाहीत, कुणाकडे डोहाळे लागलेत, कुणाचा जावई सोलापूरचा. आप्पा सगळं माझ्याकडून वाचून घेतात आणि त्याप्रमाणे कुटतात. दिवाळीला बसवराजच इकडे आला, पिशव्या बांधायला बसला आणि शिंकून शिंकून बेजार झाला. कुलपाचा विषय त्यानं काढला नाही, आम्हीही काढू दिला नाही.

काही ऑर्डरींत मात्र ती चौकट रिकामी असते. तेवढ्या आप्पा बाजूला काढून ठेवतात. दुकान बंद झालं की वर येतात, आमच्या फोनवरून त्या नंबराला फोन लावतात, आणि माडी दणाणेल अशा आवाजात विचारतात, "हॅलो, कोल्हापुरातनं चटणीवाला आप्पा बोलतोय. जेवलासा का?"