ओळख पटवा, बाबा!

इंटरनेट कॉलवरच्या फसवणुकीवर शाळेत भाषण ठोकून बक्षीस मिळवल्यापासून ओवीच्या अंगात जणू सायबर पोलीसच संचारले होते. घरात तिने फर्मान काढलं: अनोळखी नंबरवरून कुणी आपलं माणूस म्हणून बोलू लागलं, की आधी गुप्त प्रश्न. तो आईने ठरवायचा आणि कुणालाही सांगायचा नाही, अगदी ओवीलासुद्धा!

शनिवारी दुपारी चिंचवडच्या घरात व्हिडिओ कॉल वाजला. नंबर अनोळखी, पडदा काळाकुट्ट.

"ओवे, बाबा बोलतोय! माझा फोन बंद पडलाय, हा कंपनीतल्या साहेबरावचा. आनंदाची बातमी हाय, आईला दे. आणि माझ्या आधार कार्डाचा फोटो पाठव, पटकन!"

आनंदाची बातमी, घाई आणि आधार कार्ड! ओवीच्या भाषणातले सगळे मुद्दे ओळीने हजर.

"आधी तोंड दाखवा."

"अगं, आत फोटो काढू नयेत म्हणून कंपनीच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावत्यात. काढलं तर आजच घरी बसवतील!"

"आवाज तर यांचाच आहे गं," कणीक मळता मळता आई म्हणाली.

"आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, आई! प्रश्न विचार."

आईने कणकेचे हात झटकले. "मला बघायला आलात, तेव्हा मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते?"

पलीकडून अंदाजपंचे उत्तर आलं.

"हिरवी?"

"चूक."

"निळी... न्हाई, पिवळी!"

"चूक."

मागून कुणीतरी ओरडलं, "ज्योतीरामभाऊ, गुलाबी म्हणा! गुलाबी कुठंबी चालतंय!"

"गुलाबी!"

"चूक."

"अगं बाई, हापिसातले साहेब जेवायला निघालेत! फोटो न्हाई मिळाला, तर पर्मनंटचं पुन्हा लटकेल!"

पर्मनंट! ओवीच्या जन्माआधीपासून बाबा कंत्राटी होते. चोराला बरोबर दुखरी नस सापडली होती. "ब्लॉकच करते!" म्हणत तिने बोट उचललं.

आईने झडप घालून फोन हिसकावला. "थांब! चोराने चार ठिकाणी चौकशी करून एखादा तरी रंग बरोबर सांगितला असता. इतक्या ठामपणे चुकणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे."

आणि कणकेच्याच बोटांनी तिने फोटो पाठवला.

संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले. पहिला पेढा आईला भरवत म्हणाले, "आता तरी सांग, कुठला रंग होता?"

आईने पेढा सावकाश संपवला. "मला तरी कुठं आठवतोय!"

"आँ? मग चूक, चूक काय करत होतीस?"

"तुम्ही सांगितलेलं बरोबर असेल, असं वाटलंच नाही." आई पेढ्यांचा खोका उगाचच नीट करू लागली. "आणि मी त्या दिवशी साडी कुठं बघत होते? तुमच्याकडंच तर बघत होते."