स्टेनारचा अर्ध्यावरचा झेंडा

स्टेनार गेला हे गावात सगळ्यात आधी मला कळलं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला, हे आधीच कबूल करतो.

झेंडा वाचण्यात आमच्या गावात माझा हात धरणारा कोणी नाही. घरात वाढदिवस असला की अंगणातल्या काठीवर झेंडा पूर्ण वर चढतो, कोणी गेलं की अर्ध्यावर येतो. चाळीस वर्षं धक्क्यावर काम करताना मी ते लांबूनच ओळखत आलो. एप्रिलातल्या त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता खिडकीतून पाहिलं, तर स्टेनारचा झेंडा अर्ध्यावर. घरी फक्त तो आणि त्याची बायको ह्रेफ्ना. ह्रेफ्ना आठवडाभर लेकीकडे गेलेली. म्हणजे उरला कोण? हिशेब सरळ होता.

मी माझाही झेंडा अर्ध्यावर आणला. दहा मिनिटांत शेजारची बेर्गथोरा केक घेऊन दारात. माझा झेंडा पाहून तिला वाटलं, मीच गेलो. दार मीच उघडल्यावर ती जरा निराश झाल्यासारखी दिसली.

"मग कोण?" तिने विचारलं.

मी बोटाने दाखवलं. ती खुर्चीवर बसली, आणि केक आम्ही दोघांनीच खाल्ला.

मग तिने तिचा झेंडा अर्ध्यावर आणला. तिचा पाहून शाळेने, शाळेचा पाहून मासळीच्या कारखान्याने, कारखान्याचा पाहून चर्चने. दुपारपर्यंत किनाऱ्यावर एकही झेंडा पूर्ण वर नव्हता. समोरून जाणाऱ्या एका बोटीने वायरलेसवर विचारलं म्हणे, की राष्ट्राध्यक्ष गेले का. स्टेनारच्या घरी फोन मात्र कोणी केला नाही. दुःखाच्या घरी आम्ही फोन करत नाही, केक नेऊन ठेवतो. त्याच्या पायरीवर सात केक जमले. गाडी दारात नव्हती, तेव्हा त्याच्या भावाने येऊन झेंडा चढवला आणि त्याला शहरात नेलं असणार, हेही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आता लेखाचं. आमच्याकडे माणूस गेला की ओळखीपाळखीचे सगळे त्याच्यावर पेपरात लिहितात. माझी बायको सोल्रून गेल्या ऑक्टोबरात गेली, तेव्हा तिच्यावर नऊ लेख आले. तिच्या दाताच्या डॉक्टरनेही लिहिलं. मी नाही लिहिलं. रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचो, "सोल्रून फार चांगली होती" असं लिहायचो आणि खोडायचो. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकाने सांगून ठेवलंय, उल्फार, तुझी जागा राखून आहे, कधीही दे. सहा महिने झाले.

स्टेनारवर मात्र दोन तासांत चार पानं झाली. पेन थांबेना. मला वाटलं, जमलं, आता लिहिता येतं आपल्याला.

पाच वाजता ती पानं घेऊन पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात त्या वेळी निम्मं गाव गळ्यापर्यंत बुडून बसलेलं असतं. वर बर्फ भुरभुरत होतं. कोणीतरी म्हणालं, आज तर त्याचा सत्तावन्नावा वाढदिवस. वाढदिवस आमच्या घरी सोल्रूनच्या लक्षात असायचे, माझ्या नाही. पण त्यावरून कोणाला शंका आली म्हणता? नाव नको. वाढदिवसालाच गेला बिचारा, म्हणून सगळे आणखी हळहळले.

मी पानं पाण्यावर उंच धरून वाचायला लागलो.

खडीच्या मैदानावर फुटबॉल खेळून त्याचे गुडघे कायमचे सोललेले असायचे, तिथून सुरुवात केली. सकाळी कारखान्यात मासे कापायचे, संध्याकाळी सराव. सतराव्या वर्षी नॉर्वेला गेला, पुढे बेल्जियमला. देशासाठी एकतीस सामने. नाक तीनदा मोडलं, पण मैदान एकदाही सोडलं नाही. त्याच्या अंगावरून पुढे जाणं म्हणजे गाई-वासरांसकट डोंगर ओलांडणं. आणि एवढं होऊन हा माणूस परत आला कुठे? तर आमच्या चौथ्या श्रेणीतल्या संघाकडे. खेळाडू तोच, प्रशिक्षक तोच, बसचा ड्रायव्हर तोच, मैदानावरचा बर्फ फावड्याने काढणाराही तोच. अकरा वर्षांत त्याने कोळी आणि सुतारांचा तो संघ दुसऱ्या श्रेणीत नेला. हरल्यावर कोणाला ओरडला नाही. जिंकल्यावर फक्त म्हणायचा, "उद्या सहाला सराव."

बेर्गथोरा रडत होती. कारखान्याचा मॅनेजर दोनदा पाण्याखाली जाऊन आला, डोळे दिसू नयेत म्हणून.

"स्वतःच्याच जाळीत मारलेला गोल राहिला," मागून कोणीतरी म्हणालं.

मी न वळताच सांगितलं, की मेलेल्या माणसाच्या लेखात तसलं लिहीत नाहीत. मग वळलो. स्टेनार टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता.

पानं पाण्यात पडली.

झालं होतं असं. वाढदिवसाचा झेंडा चढवताना दोरी अर्ध्यावर अडकली. शिडी आणायला तो भावाकडे पलीकडच्या खाडीवर गेला, फोन ओट्यावर विसरून, आणि वाढदिवस म्हणून दिवसभर तिथेच राहिला. परत येताना पाहतो तर गावभर झेंडे अर्ध्यावर. कोण गेलं हे विचारायला तो थेट कुंडावर आला. ते इथेच कळतं. लेखातले सोललेले गुडघे आपलेच आहेत हे कळेपर्यंत तोही टोपी काढून ऐकत होता.

तो शांतपणे माझ्या शेजारी येऊन बसला, तरंगणारी पानं गोळा केली आणि पिळली.

"चांगलं लिहिलंस," तो म्हणाला. "पण हा कोणीतरी दुसराच माणूस आहे. कपच्या उपांत्य सामन्यात मी स्वतःच्या जाळीत चेंडू घातला, गाव आठवडाभर माझ्याशी बोललं नाही. बोलली फक्त तुझी बायको."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गाढवा, संघाचे शर्ट दे धुवायला. आणि धुताना सगळे गुलाबी करून ठेवले. पुढचा सामना आम्ही गुलाबी शर्टात जिंकलो. तिने चूक कबूल केली का कधी?"

"कधीच नाही. दोष रेफरीचा म्हणाली."

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ दुसरंच काही येत राहिलं. स्टेनार पाण्याकडे बघत बसला.

"तिच्यावर हे लिही, उल्फार," तो म्हणाला. "चांगली होती, हे नऊ जणांनी लिहिलंय."

सात केक संपवायला आम्हाला शनिवार उजाडला. स्टेनारच्या लेखात तो गोल घातला आणि लेख खणात ठेवला. तो तयार आहे, स्टेनारने घाई करायचं कारण नाही. दुसऱ्या कागदावर लिहिलं, "सोल्रून रेफरींना कधीच माफ करत नसे." ही ओळ अजून खोडलेली नाही. पुढचं सगळं लिहायचं आहे.