मौजे कोल्हार येथील कमोड व ओटा यांच्या स्वारीची हकीकत

प्रभूची कृपा थोर. प्रवरामाई वाहती आहे, उसास पाणी आहे, पेरूस बहर आहे, ऐशा मौजे कोल्हार मुक्कामी, ज्या काळी माणसे सकाळी उठोन देवाआधी मोबाईलाचे दर्शन घेत त्या काळी, एक थोर मोहीम जाहली. पातशाह्या बुडाल्या, तख्ते फिरली, परंतु राहत्या घरात न्हाणी नवी करणे याहून कठीण कर्म भूमंडळी नाही, हे ज्यांनी केले तेच जाणती. करिता जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ घातले नाही.

राजमान्य राजेश्री थॉमस सर हे गणितविद्येत पारंगत. त्यांचे धाकाने पंचक्रोशीतील पोरे पाढे शिकोन मोठी जाहली, आणि कित्येक आजोबा होऊनही सर रस्त्यात दिसताच विडी लपवीत. उंचीने सर ऐसे की चर्चच्या दारातून जाताना मान लववावी लागे, आणि लोकांस वाटे की सर मोठे भाविक. त्यांचे कुटुंब साराबाई, जन्मभर दवाखान्यात नर्सबाई, उंचीने सरांच्या कोपराएवढ्या, परंतु हुकुमाने सरांच्या डोईवर. घरात कुलमुखत्यारी बाईंची. सरांचा अंमल ओसरीपर्यंत, आणि मुदपाकखाना म्हणजे सैपाकघर त्यांनी अवघा संसार उंबऱ्याबाहेरूनच पाहिला होता, तोही चहा कोठवर आला हे विचारण्यापुरता.

ऐसे सुखात असता बाईंचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. बाळंतिणींच्या खाटांशी उभे राहून राहून ते झिजले होते. मग नगरास शस्त्रक्रिया जाहली, आणि डॉक्टरांनी फर्मान काढिले की येथून पुढे बाईंनी भुईवर बसू नये, उकिडवे तर जन्मात बसू नये. फर्मान काढणारे नगरात राहिले. कोल्हारात घरचा संडास अंगणाच्या टोकास, जुन्या तऱ्हेचा, आणि त्याचे दरबारात उकिडव्याखेरीज कोणास बैठक नव्हती. मग त्याजवर भोकाची खुर्ची ठेविली, ती डुगडुगे. बाईंस तेथवर नेणे, धरून बसविणे, धरून उठविणे, हे सरांकडे आले.

एके दुपारी ऊन भाजत असता सरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी घोटभर घेतले आणि उरलेले खिडकीतून जास्वंदीस घातले.

"अगं, पी ना पाणी. केवढं ऊन आहे."

"तहान न्हाई मला."

बाईंचे ओठ सुकले होते. सर गणिताचे माणूस, त्यांनी दोहोंची बेरीज केली आणि उत्तर येताच त्यांचे काळीज हलले. जिने अर्ध्या तालुक्याच्या लेकीबाळींस हात देऊन उठविले, तिला स्वतःस कोणी उठवावे याची इतकी लाज की पाणी पिणे सोडिले! सरांच्या डोळां पाणी आले. परंतु रडणे पुरुषार्थास उणे जाणून ते उठले, आणि माळ्यावरून मोजपट्टी शोधू लागले.

इतक्यात कन्यारत्न एंजेला, पुण्यास कॉम्प्युटरांच्या कंपनीत मनसबदार, ती आईस विश्रांतीकरिता आपले घरी घेऊन गेली. मैदान मोकळे जाहले. सरांनी कन्येस गुप्तपणे कळविले की तुझी आई परतण्याआधी न्हाणी व सैपाकघर दोन्ही पाडून नवी करितो, आईस वारा लागू देऊ नये, आणि आजकाल थोरामोठ्यांच्या घरी कैशी तऱ्हा असते त्याची चित्रे धाडावी. मग मोबाईलावर चित्रांची रीघ लागली. पांढरीशुभ्र सैपाकघरे, ज्यांत जन्मापासून फोडणी पडली नाही. न्हाण्या ऐशा की आत केळीचे झाड आहे, मेणबत्ती आहे, परंतु बादली कोठेच नाही. सर चित्रे पाहत गेले आणि मती गुंग होत गेली, आणि त्याच भरात त्यांनी गोरक्ष मिस्त्रीस बोलावून हुकूम केला की सैपाकघराचे मध्यभागी एक बेट, म्हणजे चहूंकडून मोकळा ओटा, बांधावे.

गोरक्ष मिस्त्री सरांचाच विद्यार्थी, गणितात दोन वेळा कामी आलेला. त्याने चित्र पाहिले, खोली पाहिली आणि अर्ज केला, "सर, ह्या खोलीत बेट घातलं तर हिकडून तिकडं जायला होडी लागंल."

सरांस राग आला. अजमावून पाहावे म्हणोन बेटाचे जागी टेबल मांडिले, आणि खासा सर प्रदक्षिणेस निघाले, ते टेबल व फ्रीज यांचे खिंडीत पोटाशी अडकले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मिस्त्रीने फ्रीज ओढोन वेढा उठविला. त्याउपरि बेटाचे नाव कोणी काढिले नाही.

न्हाणीस काचेची भिंत घालावी ऐसाही मनसुबा होता. परंतु शेजारी सहादेव, ज्याची नजर कुंपणावरून सदैव गस्त घाली, तो बोलिला, "लावा की सर. आमच्या गच्चीवरून सम्दं झ्याक दिसंल." मनसुबा जागीच थंडावला.

मग कमोड न्हाणीतच बसवावा ऐसे ठरवून जुना संडास पाडिला, खंदक खणिले, आणि पुराच्या पाण्यासारखी धूळ घरभर पसरली. संडास पडल्याने सरांस परमुलखी आश्रय घेणे प्राप्त जाहले. रोज सकाळी वर्तमानपत्र काखेस मारून, मान खाली घालून, खासा स्वारी सहादेवाचे घरी जाई. सहादेवाने आश्रय दिला, परंतु जाताना व येताना त्याचा सल्ला ऐकावा ही शर्त ठेविली. चूल आग्नेयेस हवी, नळ ईशान्येस हवा, तोंड अमुकीकडे हवे. सर म्हणाले, आमच्यात वास्तू पाहत नाहीत. सहादेवाने उत्तर केले, "तुमच्यात न्हाई, पर वारं तर सम्द्यांच्यात हाय ना?" अडल्या गणितज्ञास वाद घालण्याची सोय नव्हती, करिता सर ऐकोन घेत.

पुण्याहून बाईंचा फोन रोज येई. एके दिवशी मागे घणाचे घाव चालले असता फोन आला.

"कसला आवाज येतोय वो?"

सर जन्मात खोटे बोलिले नव्हते, त्यामुळे सराव नव्हता. म्हणाले, "सहादेवाकडं नारळ फोडतायत."

"सकाळपास्नं?"

"लई नारळ आहेत."

बाईंनी औषध वेळेवर घेत जा ऐसे बजावोन फोन ठेविला. सरांस वाटले, थाप पचली.

पुढे फरशी आली. सरांनी चित्रात पाहून पसंत केली ती ऐशी चकचकीत की तीत मिशा विंचराव्या. चार ओळी भुईवर मांडोन मिस्त्रीने पाणी ओतले, उतार बरोबर आहे की नाही हे पाहावयास सर आत शिरले, आणि दुसरे पाऊल पडण्याआधी खासा सर रणी पडिले. मिस्त्री धावला. "सर, लागलं का?" सर उत्तानच राहिले आणि छताकडे पाहत राहिले. कंबरेस मार होता, परंतु मार त्याचा नव्हे. येथे आपण पडलो ते उठू, सारा पडली असती तर? मोहीम कोणाकरिता मांडिली आणि आपण कोणाचे चित्र पाहत बसलो? बेट, काच, चकाकी, यांत तिचा गुडघा कोठेच नव्हता. ऐसे मनात येताच सरांस आपलीच लाज वाटली, आणि पडल्या जागेवरूनच त्यांनी हुकूम दिला, "ही सगळी काढ. भिंतीला लाव. खाली खरखरीत घाल, पायाला टोचली तरी चालेल."

तेव्हापासून सरांनी चित्रे पाहणे बंद केले. बाईंस चालावयास शिकविणारी जी बाई पुण्यास होती, तीस एंजेलाचे हस्ते विचारून कमोडाची उंची ठरविली, दोहों बाजूंस पोलादी दांडे रोविले, उंबरा काढोन टाकिला, दार रुंद केले. मग दांडे पक्के की नाहीत हे पाहण्याकरिता सर वारंवार बसत, वारंवार उठत. मिस्त्री बाहेरून विचारी, "सर, अजून किती येळ?" सर आतून म्हणत, "पडताळा घेतोय."

न्हाणी ऐशी बेलाग जाहली. राहिले सैपाकघर. तेथे ओटा, काळ्या ग्रॅनाईटचा, खाली खण ऐसे की ढकलताच आपोआप अदबीने मिटती. मिस्त्रीने विचारिले, वट्याची उंची किती ठेवू? या मुलखाची सरांस माहिती नव्हती, आणि विजय जवळ आल्याने अंमळ गर्वही जाहला होता. ते ताठ उभे राहिले, हात सुखाने जेथे टेकला तेथे भिंतीवर खूण केली आणि म्हणाले, "इथं." मिस्त्रीने एकवार सरांकडे पाहिले, एकवार खुणेकडे पाहिले. परंतु गणितात सरांस दुरुस्त करण्याची त्याची छाती शाळेतही नव्हती. ओटा उभा राहिला.

मग बाईंची स्वारी पुण्याहून निघोन कोल्हारास दाखल जाहली. मोटारीतून एंजेलाने हात दिला, बाई काठी टेकीत उतरल्या. सहादेव कुंपणावर, मिस्त्री ओसरीखाली, आणि सर धुतला सदरा घालोन दारात. सरांनी न्हाणीचे दार उघडिले. बाईंनी आत पाहिले. रुंद दार पाहिले, खरखरीत भुई पाहिली, दांडे पाहिले. मग कोणाचा हात न घेता आत गेल्या आणि आतून कडी घातली.

सर दारापाशी ऐसे उभे की जणू निकाल लागावयाचा आहे. पाण्याचा आवाज जाहला. कडी निघाली. बाई एकट्या आत गेल्या होत्या, एकट्या बाहेर आल्या. त्यांनी कोणास हाक मारिली नाही. डोळे भरले होते, परंतु मुलूखगिरीत जन्म गेलेल्या नर्सबाई त्या, पदराने तोंड पुसोन बोलिल्या, "नारळ बरं फोडलं वो."

सर चपापले. "तुला माहीत होतं?"

"सहादेवाच्या दारात एक तरी नारळाचं झाड हाय का?"

ऐसा पराभव पत्करून सर प्रसन्न जाहले, आणि त्याच प्रसन्नतेत बाईंस सैपाकघरात घेऊन गेले. बाईंनी खण उघडिले, मिटले, हासल्या. मग ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीस लागला. शेगडी चढली तर पातेल्यात काय शिजते हे पाहण्यास टाचा उंचवाव्या लागतील, आणि टाचा उंचवाव्या तर गुडघे नवे. बाईंनी ओट्यावर हनुवटी टेकून पाहिली. ती बरोबर टेकली.

"हा वटा कुणाच्या मापाचा?"

सरांचे तोंड उतरले. मिस्त्री पाठमोरा होऊन थापी शोधू लागला. एंजेला हासू दाबावे म्हणोन खिडकीकडे वळली. दांड्यांचा हिशेब केला, दाराचा केला, उताराचा केला, आणि जी बाई या खोलीत जन्म घालवून राहिली तिची उंची विचारावी हे गणितज्ञास सुचले नाही! सर हळूच बोलिले, "माझ्या. चूक झाली, सारा. उद्याच फोडतो." मिस्त्रीने घण हाती घेतलाच.

"खबरदार," बाई म्हणाल्या, "एवढा चांगला दगड. कुनी हात लावायचा न्हाई." मग एंजेलाकडोन खुर्ची मागविली, उंबऱ्याशी मांडविली, तीवर विराजमान जाहल्या, आणि हुकूम सुनावला तो ऐसा, "ज्याच्या मापाचा वटा, त्यानं सैपाक करायचा. पीठ निळ्या डब्यात हाय."

सरांनी आजवर कोणापुढे हार खाल्ली नव्हती, परंतु या हुकुमावर अपील नव्हते. बाह्या सारल्या. पहिले दिवशी भाकरी थापली ती परातीतच फुटली. दुसरी तव्यावर गेली आणि कोळसा होऊन उतरली. बाई खुर्चीवरून इशारे देत, "पानी कोमट घ्या. मळा, अजून मळा. आवं, छडी न्हाई ती, पीठ हाय." सर घामाघूम, कपाळी पीठ, मिशीत पीठ. सहादेव कुंपणावरून दर्शन घेऊन गेला आणि गावभर बातमी केली. रविवारी चर्च सुटताच बायका न्हाणी पाहावयास ऐशा लोटल्या की रांग अंगणाबाहेर गेली, आणि न्हाणी पाहून जाताना जी ती सैपाकघरात डोकावून सरांस पाहून जाई, आणि घरी जाऊन आपले धन्याकडे निराळ्या नजरेने पाही. त्यामुळे गावचे पुरुष सरांवर बहुत नाराज जाहले.

परंतु सर हटले नाहीत. भाकऱ्या फुटत गेल्या, सर थापीत गेले, आणि एके दुपारी तव्यावरची भाकरी हळूहळू फुगली, टम्म जाहली, आणि वाफेचा सुस्कारा सोडोन परत बसली. सर ओरडले, "सारा!" पोर परीक्षेत पास होते तैसे ओरडले. पिठले जाहले होते. ताटे वाढिली. बाईंनी हात जोडोन प्रार्थना केली, अन्नाबद्दल आभार मानिले, मग अंमळ थांबोन, अन्न करणाऱ्या हातांबद्दलही मानिले. हे शब्द त्या घरात प्रथमच उच्चारले गेले. सरांनी डोळे मिटले होते ते लवकर उघडिले नाहीत.

बाईंनी घास घेतला. सर श्वास रोखोन.

"पिठल्यात मीठ कमी हाय," बाई म्हणाल्या, आणि अजून अर्धी भाकरी मागितली.

येणेप्रमाणे मौजे कोल्हार येथील न्हाणी साराबाईंचे स्वाधीन जाहली, तीवर दुसऱ्याचा हक्क नाही. मुदपाकखान्याचा मुलूख बाईंचाच, चाकरी थॉमस सरांची, वंशपरंपरा नव्हे, हयातीपुरती, आणि ती सरांनी राजीखुषीने कबूल केली. ओटा सरांनी सर केला ऐसे काही म्हणती, ओट्याने सरांस सर केले ऐसे काही म्हणती. दोन्ही खरे. हे वर्तमान भाकरी तव्यावर असता लिहिले, करिता येथेच पुरे.